घरचा हात

“मॅडम, मला बीपी आहे,” असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बीपी सगळ्यांनाच असतो. ज्याला नसतो, त्याला चौघांनी उचलून न्यावं लागतं. ‘उच्च रक्तदाब’ म्हणायला काय जीभ झिजते? तीच गत शुगरची, तीच गॅसची. आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये छातीत दुखलं तरी गॅस, पाठीत दुखलं तरी गॅस, आणि माणूस गेला की ‘अचानक काय झालं, काही समजलंच नाही’.

मी रोहिणी. बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले. आमचे वडील महाराष्ट्रातून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इकडचेच होऊन गेले, त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत हिंदी असं माझं आयुष्यभर चाललं. वर्गात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “परिभाषा लिखो,” म्हणजे व्याख्या लिहा. पोरी पाठीमागे मला ‘परिभाषा मॅडम’ म्हणायच्या. मला ते नाव मनापासून आवडायचं. व्याख्येत एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मी अर्धा गुणसुद्धा सोडत नसे. पोरी रडायच्या. रडू दे, म्हणायची मी. डॉक्टर झालीस आणि मेलेल्याला जिवंत म्हणालीस तर काय करशील?

रिटायर झाल्यावरही सुटका नव्हतीच. गल्लीतला जो तो आपापले रिपोर्ट घेऊन माझ्या ओट्यावर येतो आणि विचारतो, हे काय लिहिलंय. मी सांगते. सांगताना बोलणीही देते. लोक दोन्ही ऐकून घेतात, कारण डॉक्टरला विचारायची त्यांना भीती वाटते आणि माझ्या बोलण्याची आता सवय झाली आहे.

या फेब्रुवारीत माझ्या भाच्याच्या डोक्यातली शीर फुटली.

नितीन म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दिगंबरदादाचा, एकुलता एक मुलगा. तापीच्या काठी त्यांची केळीची बाग आहे. त्या दिवशी घड कापून ट्रकमध्ये भरणं चाललं होतं. नितीन मजुरांना म्हणाला, “डोकं लई दुखून राहिलं,” आणि बांधावर बसला. बसल्या जागी कलंडला. त्याला तसाच जळगावला नेला. रक्तस्राव इतका झाला होता की ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बत्तीस वर्षांचा पोरगा. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला एका लहानशा खोलीत बोलावलं. दादा, मनकर्णावहिनी, नितीनची बायको भूमिका आणि मी. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, घाई करत नव्हते. त्यांनी सांगितलं की काल दुपारी एकदा आणि काल संध्याकाळी परत एकदा तपासण्या केल्या. डोळ्यांत उजेड टाकला, कानात गार पाणी सोडलं, मशीन बाजूला करून तो स्वतः श्वास घेतो का ते पाहिलं. “ब्रेन स्टेम डेथ आहे,” ते म्हणाले. दादानं माझ्याकडे पाहिलं. गल्लीतले लोक पाहतात तसंच.

मी सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? “दादा, मेंदूच्या खाली देठ असतो. मस्तिष्कस्तंभ. श्वास घ्यायचा हुकूम तिथून सुटतो. तो मेला. आणि तो मेला की माणूस मेला, कायदाही तसंच म्हणतो.”

“पण छाती त हालून राहिली त्याची,” वहिनी म्हणाली.

“मशीन हवा भरतंय, वहिनी. तो श्वास घेत नाही, त्याला दिला जातो.”

“अन काळीज?”

“हृदयाला मेंदूची परवानगी लागत नाही. त्याची स्वतःची गाठ असते, तिथून ठोके निघतात. हवा मिळते तोवर थोडा वेळ चालेल.”

“म्हंजे चालू हाये,” वहिनी म्हणाली आणि डॉक्टरांकडे पाहून मान हलवली, जणू तिचं आणि त्यांचं एकमत झालं होतं.

डॉक्टरांनी मग अवयवदानाचं विचारलं, फार जपून विचारलं. भूमिका बोलली. ही भूमिका माझी विद्यार्थिनी. बारावीत व्याख्येत चुकलेली मला आठवत नाही. आपल्या घरात सून म्हणून यावी असं मीच दादाला सुचवलं होतं. ती खाली बघत म्हणाली, “मम्मी, नितीन तो अब… किसी के काम आ जाएगा ना. दोन किडनी आहेत, लिव्हर आहे.”

“तुह्या नवऱ्याचे वाटे घालतं का वं?” वहिनी म्हणाली.

ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली. त्यानंतर भूमिकानं त्या खोलीत तोंड उघडलं नाही, आणि मीही तिची बाजू घेतली नाही. मला घ्यायची होती. पण वहिनीचा चेहरा बघून ते राहून गेलं.

तिला काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं. आमच्याकडे माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवट जवळ आला की त्याला उचलून भुईवर घेतात. खाली शेणानं सारवलेलं असतं. तोंडात तापीचं पाणी आणि तुळशीचं पान घालतात, मग तो जातो. खाटेवर गेला तो अधांतरी गेला, त्याला वर जागा नाही आणि खाली नाही. वहिनीचं माहेर देडतलाईचं. तिचा सख्खा भाऊ असाच झोपेत खाटेवर गेला, आणि पुढं त्या घरात जे जे वाईट झालं, म्हैस मेली, बहिणीचं लग्न मोडलं, ते सगळं त्याच्याच नावावर मांडलं गेलं. लहानपणी तिनं हे पाहिलेलं होतं. मी यातलं काही मानत नाही. पण तिच्या मानण्यावर हसावं असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

“घरी नेऊ,” ती म्हणाली. “माह्या पोराले मी अधांतरी नही जाऊ देणार. अठी लोखंडाच्या खाटेवर त बिलकुलच नही.”

दादानं मला बाहेर, चहाच्या टपरीपाशी ओढून नेलं. “रोहिणी, घरी पोचेपर्यंत तिच्यासमोर त्याले मेला म्हणू नको.”

“दादा, मी काय म्हणते त्यानं काही बदलत नाही. तो काल संध्याकाळीच गेला.”

“तुले बदलत नही. तिले बदलते.” आणि त्यानं हात जोडले.

मला दादाचा भयंकर राग आला होता. असल्या वेळी माणसानं खरं धरून राहावं, नाही तर शिकायचं कशाला? पण माझा थोरला भाऊ रस्त्यावर माझ्यासमोर हात जोडून उभा होता, ते काही माझ्यानं बघवलं नाही. मी बरं म्हटलं.

मशीन घरी येणार नव्हतं. नळीला रबराचा फुगा लावायचा, त्याला अंबू बॅग म्हणतात, आणि हातानं दाबत राहायचं. हॉस्पिटलचा माणूस सोबत यायला तयार होता. वहिनी नको म्हणाली. “परका हात नको. अखेरचा श्वास घरच्या हाताचा पाहिजे.” हे मात्र कुठल्याही रीतीत नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि दादा लगेच हो म्हणाला, कारण तो आता कशालाही हो म्हणत होता.

मग सिस्टरनं मला आणि भूमिकाला शिकवलं. दाबा. सोडा. मनात सावकाश तीन मोजा. परत दाबा. छाती उठते का बघा. घाई नाही करायची, आणि सोडायला विसरायचं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि या वयात माझ्याच भाच्याच्या छातीवर नजर ठेवून मी धडा घेत होते. वहिनी दाराशी उभी राहून बघत होती. सिस्टर म्हणाली, “आई, तुम्ही पण या.” ती आली नाही. तिला त्या फुग्याची भीती वाटत होती.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रक्तदाब टिकवायचं औषध सलाईनमधून चालू होतं, ते रस्त्यात संपेल, म्हणाले. त्यानंतर हृदय फार वेळ चालणार नाही. “घरी पोचलात, तुमचे विधी झाले, की बॅग थांबवा. त्यांना काहीही त्रास होणार नाही.”

“थांबवायची कुणी?” मी विचारलं.

ते म्हणाले, “तुम्ही शिक्षिका आहात ना.”

अ‍ॅम्बुलन्स बुऱ्हाणपूरचीच होती, गोटू नावाचा ड्रायव्हर. दादा पुढं त्याच्याशेजारी बसला. मागे नितीन, त्याच्या डोक्याशी मी, पलीकडे भूमिका, पायाशी वहिनी. मी दाबत होते आणि मोजत होते. वहिनी त्याच्या तळव्यांना तेल लावत होती आणि बोलत होती. “नितीन, भुसावळ आलं बरं.” “नितीन, आता मुक्ताईनगर.” केळीला भाव किती आला, ट्रकवाला किती वेळा फोन करून राहिला, कोणत्या मजुराची पोरगी पळून गेली, सगळं. इच्छापूर आलं तेव्हा तिनं त्याचे दोन्ही हात उचलून जुळवले आणि देवीच्या टेकडीकडे तोंड करून धरले. गोटूनं तेवढ्यात गतिरोधकावरून गाडी उडवली आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की तो पुढचा सगळा रस्ता बैलगाडीसारखा आला.

मधे माझ्या बोटांना गोळे आले. भूमिकानं न बोलता बॅग घेतली. तिचा ताल माझ्यापेक्षा चांगला होता. थोड्या वेळानं ती अगदी हळू म्हणाली, “मॅडम, हे आपण कोणासाठी करून राहिलो?” घरात ती मला आत्या म्हणते. मॅडम तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं.

“तुझ्या सासूसाठी.”

“और मेरे लिए कौन क्या करेगा? मला तर रडता पण येत नाही. रडले तर मम्मी म्हणतील, जित्या माणसाला रडते.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नवरा मेलेला तिला ठाऊक होता आणि त्याचा श्वास तिच्याच हातात दिलेला होता.

शहापूरजवळ सलाईनची बाटली संपली. ते मी कुणाला सांगितलं नाही.

लालबागच्या घरी दादानं फोन करून तयारी करवून घेतली होती. गेल्या दिवाळीत नितीननं हौसेनं सगळ्या घरात चकचकीत फरशी बसवली होती. सारवायला भुईच उरली नव्हती. म्हणून मजुरांनी बागेतली माती ट्रॉलीत घालून आणली, पुढच्या खोलीत फरशीवर पसरली, चोपली आणि वरून सारवली. ती अजून ओली होती. मातीत केळीच्या मुळ्यांचे तुकडे तसेच होते. त्यावर आम्ही नितीनला ठेवला.

तापीच्या राजघाटावरून तांब्यात पाणी आणलेलं होतं. वहिनीनं पळीनं त्याच्या ओठांत सोडलं. तोंडात नळी, तिला चिकटपट्टी. पाणी गालावरून खाली मातीत गेलं. तुळशीचं पान तिनं चिकटपट्टीच्या कडेला खोचलं. मग ती मागे सरली आणि हात जोडून बसली. झालं होतं सगळं. तो घरी होता, भुईवर होता, तोंडाला तापी लागली होती. आता त्यानं जायचं, एवढंच राहिलं होतं. मी दादाकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून मान हलवली. मी फुगा सोडणार, तेवढ्यात सोजरबाई पुढं आली.

ही सोजरबाई म्हणजे आमची चुलती, ऐंशीच्या पुढची. “थांब पोरी,” ती म्हणाली. “माहा बी एक हात लागू दे.”

एवढ्या सगळ्या विचारात हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिनं थरथरत्या हातानं एकदा दाबलं, नितीनची छाती उठली, आणि ती त्याच्या कपाळाला हात लावून बाजूला झाली. तिच्यामागे काका. मग शेजारचे. मग बागेतले मजूर चपला दाराबाहेर काढून आत आले. प्रत्येकाला एक श्वास द्यायचा होता. नाही म्हणणार तरी कुणाला? मी शाळेतल्यासारखी ओरडत होते, “हळू! सोडा आता! मोजा!” लोक दाबत होते, रडत होते, रांग संपत नव्हती. आणि दाबता दाबता लोकांचे चेहरे बदलायला लागले. छाती उठताना दिसते ना. अंग गरम लागतं ना. कुणी तरी म्हणालं, “जळगावहून इतका टिकला, म्हंजे जीव हाये पोरात.” दुसरा म्हणाला, कोमातून माणसं वर्षावर्षानं उठतात. “कोमा नाही हा!” मी ओरडले, पण माझं कोण ऐकतं? नितीनचा चुलतभाऊ महेश मोबाईलवर बघायला लागला की ते मशीन इंदूरहून भाड्यानं मिळतं का.

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. सकाळी जळगावला नव्हती, रस्त्यात नव्हती, पोराला नीट निरोप द्यायला निघालेली बाई होती ती. आता ती पुढं सरकून बसली आणि म्हणाली, “अठीच ठेवू आता याले. दवाखाना नही, काही नही. घरचे हात काय कमी हायेत? मी दाबीन. रोज दाबीन.”

दादा उठून बाहेर ओट्यावर गेला. भूमिका भिंतीशी बसली होती, ती फक्त माझ्याकडे बघत होती.

फुगा परत माझ्याकडे आला होता; एका हातानं मी तो दाबत होते आणि दुसऱ्या हाताची बोटं नितीनच्या गळ्यावर होती. नाडी बारीक होत चालली होती. मला वाटलं, बरं आहे. हृदय आपलं आपण थांबेल. कुणालाच हात काढून घ्यावा लागणार नाही, कुणावर काही येणार नाही. थोडा वेळ आपण असंच दाबत राहायचं. खरं सांगते, मला त्या क्षणी देवानं सोडवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. “द्या ताई.”

“राहू द्या वहिनी, मी करते. तुम्ही त्याचा हात धरा.”

“सगळ्या गावानं दिला. मी आई हाये.”

तिनं दोन्ही हातांनी बॅग घेतली आणि दाबायला लागली. तिनं शिकून घेतलं नव्हतं. ती घाईघाईनं दाबत होती आणि सोडायला विसरत होती, कणीक मळावी तशी. “सोडा वहिनी. सोडा ना. मोजा.” तिला ऐकू येत नव्हतं. “ऊठ रे बापा,” एवढंच ती म्हणत होती. माझ्या बोटांखाली एक ठोका आला. मग बऱ्याच वेळानं एक आला. मग आला नाही.

मी बोटं जरा वर सरकवली, जरा खाली. काही नव्हतं. ती दाबतच होती. मी तिला थोडा वेळ दाबू दिलं. मग तिची मनगटं धरली.

“वहिनी, झालं.”

तिचे हात थांबले. “कवा?” तिनं विचारलं.

बरोबर उत्तर मला पाठ होतं. काल संध्याकाळी, जळगावला, लोखंडी खाटेवर, दुसऱ्या तपासणीनंतर. या उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते. दादा दारात येऊन उभा राहिला होता.

“आत्ता,” मी म्हणाले. “इथं. भुईवर.”

“तापीचं पाणी गेलं पोटात?”

“गेलं.”

“अधांतरी नही गेला?”

“नाही वहिनी.”

तिचं अंग सैल पडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं भिंतीला पाठ टेकली. भूमिकानं तोंडात पदर कोंबला आणि तिला अखेर रडू फुटलं. दादानं माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं इतक्या उपकाराच्या नजरेनं पाहिलं. मला वाटलं, एक खोटं बोलले, पण कामी आलं.

मग वहिनीनं आपले हात उलटे करून बघितले.

“आत्ता म्हंजे…” ती म्हणाली. “ताई, तुम्ही दाबून राहिल्या होत्या तवा होता तो. भूमिकानं दाबलं तवा होता. सोजरबाईले एवढं कापरं हाये, तिनं दाबलं तवा बी होता.” ती एकेकाकडे बघत होती. कुणी तरी नाही म्हणावं म्हणून बघत होती. “मी घेतलं अन गेला.”

राजघाटावर त्याला अग्नी दिला. पुढच्या खोलीतली माती मजुरांनी उचलून परत बागेत नेऊन टाकली. फरशी धुतली. दहावा-तेरावा झाला, पाहुणे गेले. भूमिकाला तिचा भाऊ येऊन खंडव्याला घेऊन गेला. निघताना ती माझ्या पाया पडली नाही आणि मी तिला दोष देत नाही. दादा सकाळी बागेत जातो तो अंधार पडल्यावरच येतो.

वहिनी खोलीत बसून राहते. आलेल्या बायांना सांगते, “पोरगा चांगला आला होता जळगावहून. माह्या हातानं गेला.” बाया म्हणतात असं बोलू नये, आणि बाहेर गेल्यावर आपसात तेच बोलतात. लालबागमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे, की मनकर्णाबाईनं घाई केली.

मला हे सहन होईना. एका दुपारी घरात कुणी नसताना मी तिच्यासमोर बसले आणि सगळं खरं सांगितलं. मस्तिष्कस्तंभ म्हणजे काय, त्या तपासण्या कशा करतात, दोनदा का करतात. कानात गार पाणी सोडलं तरी डोळा हलला नाही, मशीन काढलं तरी छाती हलली नाही. मी तिला व्याख्या शब्दन् शब्द सांगितली, हिंदीत सांगितली, मराठीत सांगितली, तिच्या बोलीत सांगितली. इतकं नीट मी कुठल्या वर्गातही शिकवलं नसेल. “वहिनी, तुम्ही बॅग हातात घेतली तेव्हा तो नव्हताच. आदल्या संध्याकाळीच गेलेला होता. आम्ही एका मेलेल्या पोराला घेऊन आलो. तुमच्या हातानं काहीही झालेलं नाही.”

तिनं सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही, आणि तिला सगळं समजलं हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. विद्यार्थ्याला समजलेलं मास्तरणीला दिसतं. मग तिनं आपला हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला.

“असं नका बोलू ताई,” ती म्हणाली. “मंग तो खाटेवर गेला. परक्यांत गेला.” हात तिनं काढला नाही. “माह्या हातानं मेला तेच बरं. भुईवर त गेला.”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझ्याजवळ दोनच उत्तरं होती, आणि त्यातलं एक तिनं निवडलं होतं. ते उत्तर तिला मीच दिलेलं होतं.

मी रोज दुपारी जाते. चहा करते, तिला जबरदस्तीनं दोन घास खायला लावते. मग ती कपाट उघडते आणि साडीच्या घडीखालून तो रबराचा फुगा काढते. हॉस्पिटलला परत द्यायचा राहून गेला, आणि आता तो तिच्याकडून कुणी मागून घेऊ शकत नाही. ती माझ्यासमोर मांडी घालून बसते.

“कसं दाबाचं होतं, दाखवा बरं.”

मी दाखवते. दाबा. सोडा. मनात सावकाश तीन मोजा. परत दाबा. पहिले काही दिवस तिचे हात घाई करायचे. आता करत नाहीत. तिच्याकडे वेळच वेळ आहे आणि ती मन लावून शिकली आहे. सिस्टरनं शिकवलं होतं अगदी तसं ती दाबते, सोडते, ओठांत मोजते. फुग्यातून हवा निघते आणि खोलीत जाते.

“आता बरोबर आलं?”

“बरोबर आलं, वहिनी.”

“एवढंच त करायचं होतं,” ती म्हणते, आणि परत दाबते.